बागेसाठी उचललेला बांध

जालन्यात मी घर बांधलं तेव्हा बागेसाठी हातात काही उरलं नव्हतं. तरीही मी बाग केली, ही गोष्ट मी आजवर पुष्कळांना सांगितली आहे, आणि थोड्या अभिमानानेच सांगितली आहे. कमी खर्चात अंगण कसं सजवावं हे विचारायला आमच्या कॉलनीतले लोक एके काळी माझ्याकडे येत. मुरूम कुठे मिळतो, भाजताना बिघडलेल्या विटा कुठल्या भट्टीवर पडून असतात, फरशीचे तुकडे कोण फुकट देतं, ते सगळं मी त्यांना सांगत असे. शेवटी ते रस्त्याकडच्या कडेला रचलेल्या दगडांकडे बोट दाखवून विचारत, हे कुठून आणले? मी म्हणे, गावाकडून. पुढे कोणी काही विचारत नसे. गावाकडून आणलेल्या वस्तूची किंमत विचारायची आपल्यात पद्धत नाही.

त्या दगडांची किंमत मला ठाऊक होती. ती मी दिली नाही, माझ्या वहिनीने दिली. हे कधीतरी लिहून ठेवायचं असं ठरवण्यात मी बरीच वर्षं घालवली.

आमचं गाव जालन्याकडच्या टेंभुर्णीच्या अलीकडे. बसमधून उतरून कोसभर चालावं लागतं. शेत टेकडीच्या उतारावर आहे. वरचा भाग माळासारखा, मुरमाड. खालचा भाग नाल्याकडचा, काळ्या खोल मातीचा. या दोन भागांच्या मधे वडिलांनी रचलेला दगडी बांध होता, कमरेएवढा उंच आणि इतका रुंद की त्यावरून दोन माणसं शेजारी शेजारी चालत जावीत. टेकडीवरून येणारं पाणी त्या बांधाला अडे, दम खाई, आणि मग दगडांच्या फटींतून निवळून खालच्या वावरात उतरे. खालची माती जागेवर राहत होती ती या बांधामुळे.

शेतातून घरी जाताना रिकाम्या हातानं जायचं नाही, असा गावात सगळ्यांचाच शिरस्ता. कोणी काटक्या नेई, कोणी वैरणीची पेंढी. आमच्या घरी त्याआधी आणखी एक काम असे. संध्याकाळी काम सुटलं की प्रत्येकाने वावरातला एक दगड उचलायचा आणि बांधावर नेऊन द्यायचा. लहानांनी मुठीएवढा, मोठ्यांनी पेलेल तेवढा. वडील तो हातात घेऊन फिरवून बघत, त्याचं तोंड कुठलं ते ठरवत, मग बसवत आणि खाली बारीक कपच्या ठोकत. लग्न होऊन आल्याच्या दुसऱ्या दिवशी वहिनीनेही एक दगड आणून दिला होता, असं आई सांगायची. तेवढ्या एका गोष्टीवर वडिलांनी तिला घरातली म्हणून टाकलं होतं.

मला मात्र यातून सूट होती. मी शिकत होतो. दगड उचलायला मी वाकलो की वडील म्हणत, त्याच्या हातात पुस्तक हाय, राहू द्या. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, हसे आणि म्हणे, ''मंग ह्याच्या वाटचा मी नेतो.'' आणि तो दोन दगड उचली, एक त्याचा आणि एक माझा. मी पुस्तक घेऊन पुढे चालायला लागे. तो बांध माझ्या डोळ्यांसमोर वाढला, पण त्यात मी स्वतः नेऊन ठेवलेला एकही दगड नव्हता.

जालना जिल्हा नवा झाला त्या सुमारास मला जिल्ह्याच्या कचेरीत कारकुनाची नोकरी लागली. चार-पाच वर्षांत वडील गेले. वाटणीच्या वेळी मी वरचा मुरमाड भाग घेतला आणि खालचा दादाला दिला. नोकरदार भावाने मोठं मन दाखवलं असं गाव म्हणालं आणि मलाही ते आवडलं. बांध माझ्या हद्दीत आला. त्याचं कोणाला काही वाटलं नाही. बांध दोघांचाच होता, कागदावर तो कुठल्या बाजूला लिहायचा एवढाच प्रश्न होता. वरचा तुकडा पडीकच राहिला. वहिनी त्यातलं गवत कापून नेई.

मग कावीळ होऊन दोन आठवड्यांत दादा गेला. त्यांना मूलबाळ नव्हतं. वहिनीच्या माहेरचे तिला न्यायला आले होते, ती गेली नाही. तेराव्यानंतर मी जालन्याला निघालो तेव्हा ती दारापर्यंत आली. डोक्यावरचा पदर सारखा करत म्हणाली, ''भाऊजी, मला तुमच्याकून काही नको. वावर हाय तवर मी हाय. दुसऱ्याच्या वावरात रोजानं जायची पाळी तेवढी येऊ देऊ नका.''

मी म्हणालो, ''मी आहे, वहिनी.''

तिने ते वावर एकटीने सांभाळलं. ज्वारी, मूग, आणि बांधाच्या खालच्या अंगाला, जिथे माती सगळ्यांत खोल होती, तिथे मिरची. दरवर्षी संक्रांतीच्या सुमारास कोणाच्या तरी हाती वाळलेल्या लाल मिरच्यांचं गाठोडं आमच्याकडे येई. वर्षभर पुरून उरे. माझी बायको शेजारणींना त्यातली ओंजळ ओंजळ वाटायची.

नव्वदनंतर एक-दोन वर्षांत मी कॉलनीत प्लॉट घेऊन घर बांधलं. घरासमोर बारा फूट रुंद आणि पंचवीस फूट लांब जागा राहिली होती. कचेरीतल्या एका साहेबांच्या बंगल्यापुढची बाग मी रोज बघत होतो. हिरवळ, मधून फरशीची वाट, कडेने पांढरे दगड. तसं आपल्याकडेही असावं असं मनाने घेतलं. बायको म्हणाली, आधी मागची भिंत गिलावा करून घ्या, ओल येते. मी म्हणालो, बागेला कुठे खर्च येणार आहे, सगळं मी फुकटात जमवतो.

आणि जमवलं. त्या दिवसांचा आनंद मी नाकारत नाही. कॉलनी कापसाच्या रानावर वसली होती, तिथली काळी माती पावसात फुगायची आणि उन्हात पाय जाईल एवढी भेगाळायची. तिच्यावर काहीही टाका, वर्षात वाकडं होणार. म्हणून आधी मुरूम. जवळच एकाची विहीर खोदली जात होती, त्याला निघालेला मुरूम नकोच होता. वीटभट्टीवर खंगर मिळाले, म्हणजे जास्त भाजून काळपट झालेल्या, एकमेकींना चिकटलेल्या वाकड्या विटा. त्या भिंतीला चालत नाहीत. पण जमिनीत तिरप्या पुरल्या की वाफ्याला करवतीच्या दातांसारखी कड होते. शहाबादी फरशीचे तुकडे दुकानामागच्या ढिगातून मी रविवारी सायकलला पोतं बांधून आणले. कापसातून सरकी काढल्यावर जिनिंगमध्ये उरतो तो कचरा गुलाबाच्या बुडाशी पसरला, त्याने ओल टिकते. बियाण्याच्या दुकानातून मुदत संपलेली झेंडूची पाकिटं आणली आणि त्यातली निम्मी उगवलीही.

एक फसलं. लोखंडाच्या भट्टीतून निघालेली काळी मळी कारखान्यांच्या मागे ढिगाने पडलेली असे. कोणीतरी म्हणालं, वाटेवर टाका, चिखल होत नाही. मी दोन हातगाडे आणून टाकली. आठ दिवसांत बायकोच्या टाचेत काचेसारखी कपची शिरली. ती ओट्यावर पाय धरून बसली आणि म्हणाली, ''अहो, फुकट मिळतं म्हणून सगळंच घरात आणायचं नसतं.'' मी ती मळी एका रविवारी वेचून काढली. ते वाक्य मात्र नीट ऐकलं नाही.

राहिला उतार. आमची जागा मागून पुढे, रस्त्याकडे, दीड-दोन फूट उतरत होती. मुरूम आणि माती टाकली तरी पहिल्याच सरीला ती रस्त्यावर वाहून जाणार हे दिसत होतं. पुढच्या कडेला बसकी भिंत हवी होती. विटांची भिंत परवडत नव्हती आणि काळ्या मातीत ती टिकणारही नव्हती. नुसते दगड रचले, फटी ठेवल्या, तर माती अडेल आणि पाणी निघून जाईल, हे मला लहानपणापासून माहीत होतं. दगड माती धरतो हे मला ठाऊक नव्हतं, असं मी आज म्हणू शकत नाही. त्यासाठीच तर मला दगड हवे होते.

वैशाख अर्धा सरला होता. मी भाड्याचा टेम्पो घेऊन गावाला गेलो. वहिनी वावरातच होती, कापणीनंतर उरलेली धसकटं वेचत होती. मी सांगितलं की बागेसाठी थोडे दगड हवेत. तिने विहिरीजवळच्या ढिगाकडे हात केला. ते गोलगोल, लहानमोठे, रचायला न येणारे दगड होते. मी म्हणालो, बांधावरचे चपटे बघतो. तिने हातातली धसकटं खाली ठेवली. मग म्हणाली, ''बांध तुमचाच हाय. तुमच्या हद्दीतला. मी कोण न्हाई म्हणनार.'' आणि जरा थांबून, ''पण मधला नका हलवू. ह्यांनी अन् मामंजींनी मोठे समदे मधी लावलेत. पान्याचा जोर तिथंच असतो.''

मी म्हणालो, मृगाच्या आधी दोन माणसं घेऊन येतो आणि होता तसा भरून देतो. त्या वेळी मी ते खरंच मनापासून म्हणालो होतो.

टेम्पो कडेला जाईना, मधेच उभा राहिला. टेम्पोवाला शहरातला, चांगला उत्साही माणूस होता. तो म्हणे, साहेब, वरचे बारीक काय नेता, खालचे बघा, पाटासारखे हायेत. खरंच तसे होते. एकेक दगड दोन हात लांब, वरून सपाट, कोपरे धरलेले. वडिलांनी वर्षानुवर्षं जे चांगले मिळाले ते जिथे जोर येतो तिथे घातले होते, आणि मला बागेसाठी तेच पसंत पडले. आम्ही त्या दिवशी दोन खेपा केल्या. बारा-चौदा फुटांचं खिंडार पडलं. निघताना मी त्यात माळावरचा सुटा मुरूम ओढला आणि वर बाभळीच्या फांद्या टाकल्या. लांबून बांध भरलेला दिसत होता. वहिनीने टेम्पोवाल्याला आणि मला तांब्याभर पाणी दिलं. मी वळून पाहिलं तेव्हा ती त्या फांद्या दगडाने दाबत होती.

त्यानंतरचे रविवार मी मोजू शकतो. एका रविवारी दगड रचले. पुढच्या रविवारी खिडक्यांना लावून उरलेला पांढरा ऑइलपेंट त्यांच्या दर्शनी बाजूला दिला. त्याच्या पुढच्या रविवारी गावाला जायचं ठरलं होतं, पण हिरवळीसाठी हरळी मिळाली, ती सुकली असती. बायको म्हणाली, ''आधी बांध नीट करून या. हरळी कुठं पळून जाते?'' मी म्हणालो, अजून मृग लागायला आठ दिवस आहेत. मृग लागला, तो कोरडाच गेला. मग वाटलं, यंदा पाऊस बेताचाच दिसतो. मग कचेरीत काम वाढलं. मग मला गावाकडे जायचीच लाज वाटू लागली, आणि ती लाज वाटू नये म्हणून मी तो विषयच टाळू लागलो.

हस्त नक्षत्रात एका दुपारी पाऊस सुरू झाला आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत थांबला नाही. सकाळी मी छत्री घेऊन बागेत उभा राहिलो. दगडांच्या फटींतून स्वच्छ पाणी रस्त्यावर येत होतं आणि आत मातीचा एक कणही हलला नव्हता. मी बायकोला हाक मारून ते दाखवलं. तिने पाहिलं, आणि विचारलं, ''तिकडं काय झालं असेल?''

आठ-दहा दिवसांनी बसस्टँडवर गावचा एक जण भेटला. तो म्हणाला, तुमच्या बांधाला भगदाड पडलं, वहिनीबाईचं वावर नाल्यात गेलं. त्याने हे अगदी सहज सांगितलं, जसं कोणाचं कुंपण पडलं म्हणून सांगावं.

मी दुसऱ्या दिवशी गेलो. खिंडारातून पाण्याचा लोट थेट खालच्या वावरात शिरला होता. मधोमध पुरुषभर खोल घळ पडली होती, ती तिरपी होत नाल्याला मिळाली होती. दोन्ही बाजूंना टेकडीवरचे गोटे आणि मुरूम पसरला होता. तोडणीला आलेली मिरची जिथे होती तिथे पिवळट खडक उघडा पडला होता. जमिनीखाली एवढ्या जवळ खडक आहे हे मला कधी कळलंच नव्हतं.

वहिनी वावरात नव्हती. घरी नव्हती. शेजारीण म्हणाली, ती कापूस वेचायला गेली आहे, पाटलाच्या वावरात, रोजानं.

मी संध्याकाळपर्यंत ओट्यावर बसलो. ती आली, ओच्याला चिकटलेला कापसाचा कचरा झटकला, मला पाहून पदर घेतला. चहा ठेवला. मी म्हणालो की माझी चूक झाली. ती चुलीकडे बघत म्हणाली, ''पाऊसच मोप झाला यंदा. गावात लय जनाचे बांध गेले.'' हे खरं नव्हतं. येताना मी सगळे बांध पाहत आलो होतो. मी पुन्हा काही बोलू लागलो, तेव्हा ती म्हणाली, ''चा घ्या. बस चुकन तुमची.''

तिने मला शिव्या दिल्या असत्या तर मी कदाचित त्याच आठवड्यात दगड परत नेले असते. हे मी माझ्या बचावासाठी लिहीत नाही. माझा स्वभाव कसा आहे ते सांगतोय. दोष कोणी बोलून दाखवला नाही की तो हलका होतो, असं मला वाटायचं. मी तिला महिन्याला थोडे पैसे पाठवू लागलो. दोन मनीऑर्डरी तिने घेतल्या, तिसरी परत आली. त्या संक्रांतीला मिरच्यांचं गाठोडं आलं नाही. बायकोने बाजारातून मिरची आणली आणि निवडत बसली.

पुढे दोन-तीन वर्षांनी वहिनी जालन्याला आली होती. दाढ दुखत होती, सरकारी दवाखान्यात काढून घेतली आणि दुपारी आमच्याकडे आली. गालाला फडकं बांधलेलं होतं. घर झाल्यापासून ती पहिल्यांदाच येत होती. फाटकातून आत आली आणि चपला काढून हातात घेतल्या. बायको म्हणाली, अहो जाऊबाई, चपला राहू द्या, ही वाटच आहे. ती म्हणाली, ''एवढं निर्मळ हाय, पाय कसा टाकावा.''

मग तिने हिरवळ पाहिली. वाकून हात लावला, आणि फडक्याच्या आतून हसली.

''भाऊजी, हरळी हाय का ही?''

मी हो म्हणालो.

''आम्ही जन्मभर उपटून राह्यलो, अन् तुम्ही पानी घालून राह्यले.''

बायकोही हसली. मीही हसलो. बरं वाटलं. वाटलं, झालं गेलं ते आता बुजलं. वहिनी फिरत फिरत पुढच्या कडेला गेली आणि दगडांजवळ उकिडवी बसली. पांढऱ्या रंगावरून बोट फिरवलं. म्हणाली, दगडालाबी पावडर लावली तुम्ही. मग एकेका दगडाला हात लावत ती हळूहळू सरकू लागली. हा मामंजींनी नाल्यातून आणला, तेव्हा बैल बसला होता. हा ह्यांनी. हा बी ह्यांनीच, ह्याच्या खाली विंचू निघाला होता. बोलताना तिला तोंडात दुखत असावं, मधे मधे थांबत होती. मी उभाच होतो. त्यातला एखादा दादाने माझ्या वाटचा म्हणून नेलेला असेल, एवढंच माझ्या मनात आलं.

संध्याकाळची बस होती. बायकोने साडी दिली, ती तिने पिशवीत घातली. निघताना पुन्हा कडेला गेली आणि ओळीच्या टोकाचा एक दगड, पाच-सहा किलोचा असेल, दोन्ही हातांनी हलवून मोकळा केला. पदराने त्याची माती पुसली आणि पिशवीत साडीवर ठेवला.

''हा मी नेते,'' ती म्हणाली. ''रिकाम्या हातानं कसं जावं.''

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. मला तो शोधूनही सापडला नाही. मी पिशवी उचलायला पुढे झालो, तिने दिली नाही. बसस्टँडपर्यंत ती पिशवी तिनेच वाहिली, कधी या हातात, कधी त्या हातात. मी सोबत चालत होतो, मोकळा. माझ्या ओठांवर आलं होतं की बाकीचेही पुढच्या आठवड्यात टेम्पोने आणून टाकतो. एवढंच बोलायचं होतं. बस लागली, ती चढली, खिडकीशी बसून पिशवी मांडीवर घेतली. मी हात हलवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्या रिकाम्या जागेत एक खंगर वीट बसवली. माती निसटायला लागली होती.

ही सगळ्यांत वाईट गोष्ट आहे, आणि ती मी आजवर बायकोलाही बोलून दाखवलेली नाही. तिने पाहिली असणारच.

बागेचं पुढे काय झालं ते जालन्यात राहणाऱ्यांना सांगायला नको. नळाला पाणी आधी चार दिवसांनी, मग आठ, मग पंधरा दिवसांनी येऊ लागलं. आंघोळीचं पाणी, भांड्यांचं पाणी, सगळं झाडांना घालूनही भागेना. आधी गुलाब गेले, मग मोगरा, शेवटी हरळीसुद्धा. जी हरळी आमच्या घरातल्या तीन पिढ्यांना उपटून संपली नाही ती माझ्या अंगणात तीन उन्हाळ्यांत मेली. मुरमावर पाण्याचे ड्रम आले. दगड तेवढे राहिले, पांढऱ्या रंगाचे पोपडे निघालेले, काहीही न धरणारे.

तेव्हा मला ते परत नेण्याची बुद्धी झाली. बाग जिवंत होती तोवर झाली नाही. लोकांना मी सांगितलं की गाडी लावायला जागा करतोय.

पुन्हा टेम्पो केला. पुन्हा दोन खेपांचा माल, या वेळी एकच मोठी गाडी. दुपार कलताना मी बांधापाशी पोचलो. जवळजवळ बारा वर्षांनी मी ती जागा पाहत होतो. मला वाटलं होतं खिंडार तसंच असेल, किंवा वाढलं असेल. ते निम्मं राहिलं होतं. एका टोकाकडून पाच-सहा फूट बांध पुन्हा रचला होता, गुडघ्यापेक्षा जरा उंच. मोठा दगड एकही नव्हता, सगळे एका बाईला पेलतील असे. प्रत्येक तोंड बघून बसवलेला, खाली कपच्या ठोकलेल्या. अगदी पायथ्याच्या थरात, कोपऱ्यावर, एक दगड पांढरा होता.

वहिनी अंधार पडायच्या आधी आली. डोक्यावर वैरणीचा भारा, हातात दगड. केस पिकले होते. दुसऱ्याच्या वावरातून येत होती. भारा टाकला, हातातला दगड बांधावर ठेवून फिरवून पाहिला, बसवला. मग माझ्याकडे वळली आणि गाडीकडे पाहिलं.

''आनले का,'' ती म्हणाली.

मी म्हणालो की मी आणि ड्रायव्हर मिळून आत्ताच लावून टाकतो. मी एक चपटा दगड उचलून खिंडारात ठेवला. तो डुगडुगला. दुसऱ्या बाजूने ठेवला, तरी डुगडुगला. बावन्न वर्षांच्या आयुष्यात बांधावर ठेवलेला तो माझा पहिला दगड होता. वहिनी जवळ आली, तिने तो काढला, उलटा केला, थोडा आत सारून ठेवला. तो बसला.

''तोंड उलटं होतं त्याचं,'' ती म्हणाली. ''राहू द्या भाऊजी. इथंच उतरवा समदे. मी लावीन रोज एक-एक.''

मी विचारलं की खालचं वावर आता पेरता येईल का. तिने नाही म्हणून मान हलवली. माती परत यायला लय वर्षं लागतात, ती म्हणाली, आपल्या दोघांची हयात त्यात पुरायची न्हाई. तिने हे हवामान सांगावं तसं सांगितलं. आणि रोजानं जाणं? ते मी विचारलं नाही. तिच्या बोटांवर कापसाच्या बोंडांचे ओरखडे दिसत होते.

गाडी रिकामी होईपर्यंत ती बांधाच्या पलीकडे, वरच्या अंगाला, काही करत होती. मी जाऊन पाहिलं. नव्या रचलेल्या बांधामागे टेकडीवरून आलेला गाळ अडकून हातभर रुंदीची मातीची पट्टी साठली होती. त्यात तिने मिरचीची पाच झाडं लावली होती. ती मिरच्या तोडून ओच्यात घेत होती.

''ही बाजू तुमच्या हद्दीत येते,'' ती म्हणाली. ''तुमच्याच हायेत. रुमाल द्या.''

मी नको म्हणालो. दोनदा म्हणालो. तिने हात पुढे केलेला तसाच ठेवला.

''असं रिकाम्या हातानं जाऊ नका, भाऊजी.''

मी रुमाल पसरला. तिने मिरच्या त्यात ओतल्या, चारी टोकं बांधून दिली. ओंजळभर असतील. घरी येईपर्यंत मी ती पुरचुंडी मांडीवर धरून बसलो होतो. बायकोने दार उघडलं, माझ्या हाताकडे पाहिलं, आणि ती पुरचुंडी उचलून आत नेली.